रोग समाजाचा, पथ्य मात्र कामगाराला!

कर्करोगाच्या उपचारातून उठलेल्या श्रमिकाला आपल्या देशात सर्वप्रथम काय मिळते? पगारी रजा मिळत नाही, हलके काम मिळत नाही, तपासणीसाठी जाण्यायेण्याचे भाडेही मिळत नाही. मिळतो तो उपदेश. ‘भाजीपाला भरपूर खात जा, म्हणजे रोग उलटणार नाही’ हा तो उपदेश होय. दूरचित्रवाणीवरील बाबा-महाराज तो देतात, मोबाईलवरून फिरणारे संदेश तो देतात, आरोग्य शिबिरांतील गुळगुळीत पत्रके तो देतात. आणि रुग्णाचे आप्तेष्टही भोळ्या मायेने तोच पुन्हा पुन्हा ऐकवतात. वरवर पाहता त्यात आक्षेपार्ह असे काहीच नाही. भाजी खाऊ नका, असे कोण म्हणेल? परंतु हाच निरुपद्रवी भासणारा उपदेश मानेसरसारख्या औद्योगिक वसाहतीत आणून पाहिला की त्याच्या पोटात दडलेला वर्गीय आशय उघडा पडतो.

दिल्लीहून जयपूरकडे आणि पुढे मुंबईकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर गुरुग्राम मागे पडले की मानेसर लागते. अरवलीच्या पायथ्याच्या या गावाभोवती मोटारी, दुचाक्या, सुटे भाग, तयार कपडे आणि प्रचंड मालगोदामे यांचे साम्राज्य पसरले आहे. कासन, अलियर, ढाणा, नाहरपूर या गावांतील भाड्याच्या खोल्यांतून बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, ओडिशा येथून आलेले हजारो कामगार राहतात. त्यांच्यातील एखाद्याला कर्करोग झाला, शस्त्रक्रिया झाली, औषधांच्या फेऱ्या पूर्ण झाल्या आणि तो खोलीवर परतला, तर त्याचा रोग उलटू नये यासाठी काय काय लागेल? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर शोधायचे असेल तर आधी विज्ञानाला विचारले पाहिजे आणि नंतर मानेसरच्या कारखान्यांना.

भाजीच्या नावाने चाललेली बुवाबाजी

नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी क्रिकेटपटू व काँग्रेसचे नेते नवज्योतसिंग सिद्धू यांनी जाहीर केले की आपल्या पत्नीने चौथ्या अवस्थेतील कर्करोगावर आहाराच्या बळावर मात केली. लिंबूपाणी, कच्ची हळद, कडुनिंबाची पाने, साखर-दूध वर्ज्य, असा तो आहार होता. त्यांच्या पत्नीवर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी असे रीतसर उपचार झाले होते, ही गोष्ट मात्र या गाजावाजात झाकोळून गेली. तेव्हा मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील २६२ आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांना आपल्या सह्यांनिशी पत्रक काढावे लागले: असल्या दाव्यांना भक्कम पुरावा नाही, अप्रमाणित उपायांपायी कोणीही आपला उपचार लांबवू अगर सोडू नये.

हा विषय केवळ एका नेत्याच्या वाचाळतेचा नाही. कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या जादूटोणासदृश उपचारविषयक कायद्याने मनाई आहे. तरीही रस, चूर्णे आणि काढे यांचा व्यापार उजळ माथ्याने चालतो. ज्याला धंद्याचे मालक ‘आरोग्यजागृती’ म्हणतात ती भीतीची बाजारपेठ आहे, आणि रोग उलटण्याची भीती ही त्या बाजारपेठेतील सर्वांत नफ्याची भीती आहे. आपल्या मुलाबाळांसाठी जगू इच्छिणाऱ्या मातेकडून हा व्यापारी शेवटचा दागिनाही काढून घेऊ शकतो.

विज्ञानाची साक्ष

भाजीपाल्याने कर्करोग उलटणे थांबते काय, या प्रश्नाचा अभ्यास झालेला नाही असे मुळीच नाही. अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाच्या प्रारंभिक अवस्थेत उपचार घेतलेल्या ३,०८८ स्त्रियांवर एक मोठा प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला रोज भरपूर भाज्या, भाज्यांचा रस, फळे, तंतुमय अन्न आणि अल्प स्निग्धांश असा कडक आहार देण्यात आला. दुसऱ्या गटाला सर्वसाधारण आहारसल्ला देण्यात आला. सरासरी सात वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवल्यानंतर पहिल्या गटात रोग उलटण्याचे वा नव्याने होण्याचे प्रमाण १६.७ टक्के निघाले आणि दुसऱ्या गटात १६.९ टक्के! मृत्यूच्या प्रमाणातही लक्षणीय फरक आढळला नाही. मोठ्या आतड्यातील गाठी पुन्हा होऊ नयेत म्हणून दोन हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या आहारप्रयोगाचा निकाल २००० साली हाती आला, तोही असाच. पुरस्थ ग्रंथीच्या कर्करोगाच्या रुग्णांना भाज्या वाढवून पाहिल्या गेल्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात रोगाची वाटचाल मंदावल्याचे दिसले नाही. भाजीतील ‘सत्त्व’ गोळीत भरून विकणाऱ्यांना तर याहून कठोर उत्तर मिळाले आहे. गाजरादी भाज्यांतील बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना देण्यात आल्या. १९९४ च्या निष्कर्षांनुसार त्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढला होता.

याचा अर्थ भाजी निरुपयोगी आहे असा कोणी काढील तर ती दुसऱ्या टोकाची चूक ठरेल. हृदयविकार, मधुमेह, स्थूलता यांच्याशी झुंजण्यास भाजीपाला अत्यावश्यक आहे, आणि कर्करोगातून वाचलेल्या माणसाला हे विकार सोडत नाहीत. उपचाराने खंगलेल्या शरीराला सकस अन्न हवेच. विज्ञान सांगते ते एवढेच की, ताटातील भाजीची वाटी वाढवणे ही रोग न उलटण्याची हमी नव्हे. ज्यांचा रोग उलटला त्यांनी पथ्य मोडले म्हणून तो उलटला, असे म्हणणे हा तर निव्वळ अत्याचार आहे.

मग रोग उलटणे कशाने रोखले जाते? संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या स्तनाच्या कर्करोगात टॅमॉक्सिफेनची साधी गोळी पाच वर्षे नियमाने घेतल्यास त्या काळात रोग उलटण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर येते. ही गोळी भारताच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली देशातील ११ केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रियांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेपूर्वी गाठीभोवती भूल देण्याच्या स्वस्त औषधाचे इंजेक्शन दिल्यास पाच वर्षे रोगमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण ८२.६ वरून ८६.६ टक्क्यांवर गेले. कोणत्याही खाजगी औषध कंपनीला यात नफा नाही, म्हणूनच असे संशोधन सार्वजनिक रुग्णालयातच होऊ शकते. आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांवरील आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तीन वर्षे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्यांपैकी ८०.३ टक्के लोक पाच वर्षांनी रोगमुक्त होते. केवळ माहितीपत्रक मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ७३.९ टक्के होते. तंबाखू सोडल्याने नव्या कर्करोगाचा धोका घटतो, हे तर सर्वमान्य आहे.

या उपायांची यादी पुन्हा एकदा वाचावी. वेळेवर शस्त्रक्रिया, वर्षानुवर्षे अखंड औषध, ठरलेल्या तारखेला तपासणी, देखरेखीखालील व्यायाम, व्यसनमुक्तीस साहाय्य. यातील प्रत्येक गोष्टीला वेळ लागतो, रजा लागते, नोकरीची शाश्वती लागते आणि सार्वजनिक रुग्णालय लागते. ‘माहितीपत्रक’ देऊन भागत नाही, हे त्या प्रयोगानेच सिद्ध केले. आणि माहितीपत्रक एवढीच एक गोष्ट भांडवलदार वर्ग कामगाराला फुकट द्यायला तयार आहे!

मानेसरचे घड्याळ

आता मानेसरच्या कामगाराकडे वळू. २०११ मध्ये मारुती सुझुकीच्या मानेसर कारखान्यातील कामगारांनी स्वतंत्र युनियनच्या हक्कासाठी संप पुकारला, तेव्हा त्यांच्या एका साध्या तक्रारीने देश चकित झाला. चहा आणि लघुशंका यांसाठी मिळून अवघ्या सात मिनिटांची सुट्टी! १८ जुलै २०१२ रोजी कारखान्यात हिंसाचार झाला, त्यात एका अधिकाऱ्याचा दुर्दैवी मृत्यू झाला आणि त्यानंतर कामगारांवर दडपशाहीचा वरवंटा फिरला. जवळजवळ दीडशे कामगारांना तुरुंगात डांबण्यात आले. मार्च २०१७ मध्ये न्यायालयाने ११७ जणांना निर्दोष सोडले, ३१ जणांना दोषी ठरवले व १३ जणांना जन्मठेप दिली. त्या १३ जणांपैकी एक २०२१ मध्ये कर्करोगाने दगावला. कोणत्या पालेभाजीने त्याला वाचवले असते?

त्यानंतर परिस्थिती सुधारली असे म्हणावे तर २०२४ चा उन्हाळा आठवावा. उष्णतेच्या लाटेत ॲमेझॉनच्या मानेसर येथील गोदामात मालमोटारी रिकाम्या होईपर्यंत पाणी पिण्यास वा शौचालयात जाणार नाही, अशी शपथ कामगारांकडून वदवून घेतल्याचे उघड झाले आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला जूनमध्ये केंद्र सरकारला नोटीस पाठवावी लागली. जेथे पाण्याचा घोट घ्यायला उसंत नाही, तेथे पाच प्रकारच्या भाज्या निवडून, चिरून, शिजवून खाण्याचा सल्ला देणे ही क्रूर थट्टा आहे. रात्रपाळीहून परतलेला कामगार एका शेगडीवर बटाटे आणि भात शिजवतो. तो अज्ञानी आहे म्हणून तसे करत नाही; त्याच्या हातात तेवढाच वेळ उरलेला असतो.

शिवाय कारखान्याच्या आत तो काय श्वासावाटे घेतो? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर २०१२ मध्ये, बाहेरची प्रदूषित हवा २०१३ मध्ये आणि वेल्डिंगचा धूर २०१७ मध्ये निःसंशय कर्करोगकारक ठरवला. रंगकाम करणाऱ्यांचा व्यवसाय आणि मुलामा देण्याच्या कामातील षट्संयुजी क्रोमियम याच यादीत आहेत. रात्रपाळीचे काम ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हणून नोंदले गेले आहे. मोटार उद्योगाच्या पट्ट्यात वेल्डिंग, रंग, मुलामा, डिझेल आणि रात्रपाळी ही रोजच्या भाकरीची कामे आहेत. उपचार घेऊन आलेला कामगार पुन्हा त्याच धुरात उभा राहतो आणि त्याला सांगण्यात येते: पालक खा!

कंत्राटाची मेख

कर्करुग्ण कामगारासाठी या देशात एक खरीखुरी तरतूद आहे, आणि ती कामगार वर्गाच्या लढ्याची कमाई आहे. १९४८ च्या कायद्याने निर्माण झालेल्या राज्य कामगार विमा योजनेत साध्या आजारपणात वर्षाला ९१ दिवस वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. कर्करोगासह ३४ दीर्घ आजारांत तो वाढवून ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. मानेसरला या योजनेचे रुग्णालयही आहे. मात्र या वाढीव लाभासाठी अट आहे ती दोन वर्षांच्या सलग विमापात्र नोकरीची.

नेमक्या याच अटीत मेख मारली गेली आहे. मानेसरच्या कारखान्यांत अल्पमुदतीवर, सहा-सात महिन्यांच्या बोलीवर कामगार घेणे व मुदत संपताच बाहेर काढणे ही सर्रास पद्धत आहे. जानेवारी २०२५ मध्ये मारुतीचे अस्थायी कामगार रस्त्यावर उतरले ते याच अन्यायाविरुद्ध. सात महिने काम, मग सक्तीची बेकारी, मग नवा ठेकेदार. अशा तुकड्यांतून ‘सलग दोन वर्षे’ जुळायची कशी? विम्याची कपात प्रत्येक पगारातून होते, परंतु रोगाच्या क्षणी खाते अपुरे ठरते. त्यातच योजनेची वेतनमर्यादा २०१७ मध्ये २१,००० रुपयांवर आणून ठेवण्यात आली. जादा काम न करताही ज्याचा पगार ती ओलांडतो, तो संरक्षणाबाहेर फेकला जातो आणि खाजगी रुग्णालयाच्या दारात उभा राहतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू केलेल्या चार श्रमसंहितांनी निश्चित मुदतीच्या नोकरीला कायद्याची प्रतिष्ठा दिली आहे. म्हणजे कर्करुग्णाच्या भत्त्याखालील जमीनच सरकारने काढून घेतली आहे. पाच वर्षे गोळी घ्यायची तर पाच वर्षांची नोकरी हवी, हा साधा हिशोब ज्यांना कळत नाही त्यांनी जनतेला आहारशास्त्र शिकवू नये.

भाजी कोणाच्या हातात?

क्षणभर सारे विसरून उपदेशकांचे म्हणणे मान्य करू. भाजी खायची. किती? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हैदराबाद येथील पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये प्रौढाला रोज ४०० ग्रॅम भाजीपाला व १०० ग्रॅम फळे सुचवली. फळे बाजूला ठेवू. नवरा-बायकोला प्रत्येकी ४०० ग्रॅम आणि दोन मुलांना प्रत्येकी २५० ग्रॅम धरले तर महिन्याला ३९ किलो भाजी लागते. किलोला सरासरी ४० रुपये धरल्यास १,५६० रुपये. २०२५ च्या प्रारंभी हरियाणातील अकुशल कामगाराचे किमान वेतन महिना सुमारे ११ हजार रुपये होते. म्हणजे पगाराचा सातवा हिस्सा केवळ भाजीसाठी. खोलीभाडे, धान्य, तेल, गॅस, गावाकडे पाठवायचे पैसे, सारे त्यानंतर. भाव ६० रुपयांवर गेला की पाचवा हिस्साही पुरत नाही. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने किलोला २०० रुपयांचा पल्ला ओलांडला होता, हे कोणती गृहिणी विसरली असेल?

आणि हा पैसा भाजी पिकवणाऱ्यालाही पोचत नाही. रिझर्व्ह बँकेच्याच २०२४ मधील अभ्यासानुसार ग्राहकाने दिलेल्या रुपयातून टोमॅटो उत्पादकाच्या पदरात ३३ पैसे, कांदा उत्पादकाच्या ३६ पैसे आणि बटाटा उत्पादकाच्या ३७ पैसे पडतात. नाशिकचा कांदा उत्पादक भाव नाही म्हणून कांदा रस्त्यावर ओततो आणि मानेसरचा कामगार भाव परवडत नाही म्हणून अर्धा किलोवर भागवतो. दोघांच्या मध्ये बसलेला दलाल व साठेबाज तेवढा गब्बर होतो. डिसेंबर २०२० मध्ये किसान सभेचा जथा नाशिकहून निघून याच महामार्गावरील शहाजहानपूरच्या सीमेवर येऊन ठाण मांडून बसला होता. त्या शेतकऱ्यांची आणि मानेसरच्या कामगारांची गाठ पडणे हाच भाजीच्या प्रश्नाचा राजकीय अर्थ आहे.

मानेसरच्या जमिनीची कहाणीही बोलकी आहे. मानेसर, नौरंगपूर व लखनौला या तीन गावांतील ९१२ एकर जमीन सार्वजनिक कामासाठी संपादन करण्याची अधिसूचना ऑगस्ट २००४ मध्ये निघाली. कवडीमोल मोबदल्याच्या भीतीने शेतकऱ्यांनी जमिनी बिल्डरांना विकल्या. आणि २००७ मध्ये सरकारने संपादनच मागे घेतले! मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही माघार कपटाची ठरवली. अधिसूचना काढली चौटाला सरकारने, मागे घेतली हुड्डा सरकारने. बिल्डरांची चाकरी दोघांनीही इमानाने केली. जवळची शेती अशी काँक्रीटखाली गेल्यावर उरते ती कोठली भाजी? नागपूरच्या नीरी या संस्थेने २०१९ मध्ये दिल्लीतील यमुनेच्या पूरक्षेत्रातील भाज्या तपासल्या, तेव्हा त्यांत शिशाचे प्रमाण सुरक्षित मर्यादेबाहेर आढळले. कारखान्याचे विष नदीत, नदीचे भाजीत आणि भाजी कामगाराच्या पोटात. असे हे चक्र पूर्ण होते.

दोष कोणाच्या माथी?

एंगेल्सने १८४५ मध्ये इंग्लंडमधील कामगार वर्गाच्या स्थितीचे वर्णन करताना दाखवले होते की, शनिवारी संध्याकाळी मजुरी हातात पडून कामगार बाजारात पोचतो तोवर चांगला माल सकाळीच सुखवस्तूंनी उचललेला असतो. त्याच्या वाट्याला सुकलेली भाजी येते. कामगाराचे ताट त्याच्या स्वभावावरून ठरत नाही, मजुरी आणि कामाचे तास यांवरून ठरते, हे तेव्हाच सिद्ध झाले होते. आजचे आरोग्य-उपदेशक हेच सत्य उलटे करून सांगतात. रोग हा व्यक्तीच्या चुकीचा परिणाम, बरे होणे हा व्यक्तीच्या निर्धाराचा परिणाम, आणि रोग उलटणे ही व्यक्तीच्या हलगर्जीपणाची शिक्षा! एकदा हे मान्य केले की कारखान्यातील धूर, रात्रपाळी, कंत्राट, महागाई आणि मोडकळीस आलेली सार्वजनिक रुग्णालये या सर्वांची सुटका होते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यावर २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के खर्च करण्याचे वचन दिले होते. ते वचन मोडणाऱ्या सरकारला पथ्य कोण सांगणार? तंबाखू सोडा असे रुग्णाला बजावणाऱ्या राज्यसंस्थेच्या आयुर्विमा महामंडळाने देशातील सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीचे सुमारे १५ टक्के भाग बाळगावेत, ही कोणती नीती?

कोणी म्हणेल, क्रांती होईपर्यंत रुग्णाने काय करावे? प्रश्न रास्त आहे. रुग्णाने डॉक्टरांनी दिलेले औषध एक दिवसही चुकवू नये, तपासणीची तारीख मोडू नये, तंबाखू सोडावा, झेपेल तेवढे चालावे आणि परवडेल ती ताजी भाजी जरूर खावी. परंतु ज्याचा रोग या सर्वांनंतरही उलटेल त्याने स्वतःला अपराधी मानू नये, आणि त्याच्या भोवतालच्यांनी त्याला अपराधी ठरवू नये.

येथे चळवळीनेही आत्मपरीक्षण केले पाहिजे. आपल्या अनेक युनियनच्या मागणीपत्रांत बोनस असतो, भत्ता असतो. वेल्डिंगचा धूर, उपहारगृहातील ताट व आजारी कंत्राटी कामगाराची रजा या गोष्टी अखेरच्या कलमात कोठेतरी असतात, आणि वाटाघाटीत सर्वप्रथम त्याच सोडल्या जातात. आपले कित्येक कार्यकर्तेही हळद-लिंबाचे संदेश विचार न करता पुढे धाडतात. जी जागा आपण रिकामी सोडतो ती बाबा-महाराज व्यापतात.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. कर्करुग्ण कामगाराच्या वाढीव आजारभत्त्यासाठी सलग नोकरीची अट रद्द करावी व ठेकेदार बदलला तरी विमा अखंड मानावा. योजनेची वेतनमर्यादा वाढवावी. उपचारानंतर पाच वर्षे नोकरीची हमी, हलके काम, रात्रपाळीतून सूट आणि तपासणीच्या दिवसाचा पूर्ण पगार मिळावा. कंत्राटी कामगारांसह सर्वांना कारखान्याच्या उपहारगृहात भाजी-डाळीचे पुरेसे जेवण आणि ते खाण्यापुरता वेळ मिळावा. धूर व रसायनांची मोजणी युनियनच्या प्रतिनिधींसमोर व्हावी. भाजीपाला रेशन दुकानांतून व सहकारी केंद्रांतून, उत्पादकाला रास्त भाव देऊन, विकला जावा. झज्जरजवळ बाढसा येथे २०१९ मध्ये उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेसारखी सार्वजनिक रुग्णालये प्रत्येक औद्योगिक पट्ट्याच्या आवाक्यात यावीत.

या मागण्या मानेसरच्या आहेत तितक्याच चाकणच्या, वाळूजच्या आणि अंबडच्याही आहेत. परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर पदपथावर बिऱ्हाड मांडणाऱ्या आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत खाट मिळावी म्हणून ताटकळणाऱ्या कुटुंबांनाही त्या आपल्याच वाटतील. कामगाराच्या ताटात भाजी हवी, याबद्दल दुमत नाही. परंतु ती उपदेशाने येत नाही. मजुरी, विश्रांती आणि जमीन यांच्यासाठीच्या संघटित लढ्याने येते. पुढच्या मागणीपत्रावर प्रत्येक युनियनने हा प्रश्न पहिल्या पानावर लिहिला पाहिजे.